पुजलेल्या बैलांना मारायचं न्हाई

विरू, आज मी तुझ्या स्टुलावर बसलो न्हाई. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुला पहिली शंका तीच येणार. मी माझ्याच बाजूला बसलोय, खिडकीकडं, इंग्रजांच्या बाजूला. तुझं स्टूल समोर होतं तसंच हाय. त्याच्यावर तुझा रंग पुसायचा फडका बी तसाच हाय, वाळून पापडासारखा कडक झालाय.

परवा अप्पांचा फोन आला. मी नांदेडला, कॉलेजच्या लॅबमध्ये. तुझे वडील मला कधी फोन करत न्हाईत, म्हणून नाव बघूनच मी हातातलं काम टाकून बाहेर आलो. म्हणजे आता अजून काय व्हायचं राहिलंय म्हणा, पण आलो. अप्पा म्हणले, "दत्ता, दिवाळीचा माल यायलाय. माळ्यावरची खोली लागंल. ते तुमचं... ते लढाईचं... तुझ्या हातानं काढ बाबा. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला न्हाई मी आजून."

"हाव अप्पा, येतो," म्हणलो. फोन ठेवला अन् मंग कळलं मी कशाला हो म्हणून बसलो ते. विरू, लढाई अर्धी हाय. आपलं भांडण मिटलेलं न्हाई. अन् आपलाच नियम हाय की जोपर्यंत कुणी जिंकलं हे दोघांनी मान्य करत न्हाई, तोपर्यंत टेबलावरचं काही उचलायचं न्हाई. दोघांनी! आता दुसरा कुठून आणू मी?

हे मी आपल्या ग्रुपवर टाकणार हाय. तिथल्या पोरांनी नुसते फोटो बघितलेत, त्यांना काही कळायचं न्हाई, म्हणून त्यांच्यासाठी थोडं सांगून घेतो. तू जरा दम धर. म्हाईत असलेलं परत ऐकायचा तुला कायम कंटाळा.

तर लातूरला विरूचं, म्हणजे त्याच्या अप्पांचं, रंगाचं दुकान हाय. दुकानामागं घर, दुकानावर माळ्याची खोली. खोलीत रंगाऱ्यांच्या दोन लाकडी घोड्यांवर, म्हणजे उंच तिवयांवर, टाकलेली प्लायवूडची मोठी पाटी. अन् पाटीवर लाकडी भुसा पसरून केलेलं असईचं रान. असई तिकडं जालन्याकडं हाय. दोनशे वर्षांपूर्वी तिथं मराठ्यांची फौज अन् इंग्रजांची फौज भिडली, दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. एका अंगाला केळणा, दुसऱ्या अंगाला जुई. आपले हरले. ती तमाम लढाई आम्ही बोटाएवढ्या सैनिकांनी परत खेळायचो. टेपनं मोजून सैनिक सरकवायचे, तोफ लागली का न्हाई ते फाशावर. एक डाव त्याचा, एक माझा. इतिहासात झालं तेच परत होईल असं काही न्हाई, तीच तर सगळी मजा. एकेक लढाई कितीतरी रविवार चालायची.

अप्पांना हे बघवायचं न्हाई. "लग्नाची वयं झाली अन् बाहुल्या खेळून राहिलेत."

"अप्पा, बाहुल्या न्हाईत, पलटण हाय ही."

"पलटण हाय का? मंग खाली पाठीव चार जण. प्रायमरचे डबे उतरवायचेत."

अन् आपण दोघं गुमान खाली जायचो, पलटणीच्या वतीनं.

तुला आठवतं का आपली पहिली ओळख? मी कंधारहून लातूरला क्लासला आलेलो, कुणी ओळखीचं न्हाई, मागच्या बाकावर जाऊन बसलो. फळ्यावर सर गतीचे नियम शिकवून राहिलेत अन् तू बाकाखाली तार वाकवून माणूस करून राहिलास. मी विचारलं, हा कोण? तू म्हणलास, "गोलंदाज." मी म्हणलो, मंग आडवा कामून? तू म्हणलास, "मेल्याचं सोंग घेतलंय त्यानं." अन् भर क्लासमध्ये सांगायला लागलास की त्या लढाईत इंग्रज तोफांवर धावून आले तेव्हा मराठ्यांचे कितीतरी गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले. इंग्रज त्यांना ओलांडून पुढं गेले. अन् मंग हे उठले, तोफा फिरवल्या, अन् पाठीमागून बार काढला! माझ्या तर अंगावर काटा. मी एवढ्या मोठ्यांदा "आयला!" म्हणलो की सरांनी दोघांना बाहेर काढलं. बाहेर व्हरांड्यात तू मला बाकीची लढाई सांगितलीस. पुढं माझा फार्मसीला नांदेडला नंबर लागला अन् तू दुकानात बसलास. पण रविवार मात्र कुणाच्या बापाचा न्हाई. सकाळची बस, लातूर, माळा.

सैनिकांचे रंग सांगतो पोरांना. इंग्रजांचा डगला लाल पाहिजे. दुकानात लाल रंगाचे सतरा प्रकार असताना तू त्यांना रेड ऑक्साइड मारलास. लातूरच्या तमाम गेटला, तमाम ग्रीलला गंज लागू नये म्हणून जो मारतेत तो! मी म्हणलो, येड्या, हे इंग्रज हायेत का खिडक्या? तू म्हणलास, "फुटलेला डबा पडून होता. अन् गंजत न्हाईत बघ, दोनशे वर्षं टिकतील."

अन् इंग्रज कोण होणार यावर दर लढाईला भांडण. कुणालाच व्हायचं नसायचं. नाणं उडवायचो अन् दर वेळी मी हरायचो. एकदा मी चिडून म्हणलो, मी कंधारचा, किल्ल्याच्या गावचा, शेतकऱ्याच्या घरचा, माझ्या रक्तात लढाई हाय अन् मीच कामून दर वेळी इंग्रज? तेव्हा तू ते बोललास, जे माझ्या डोक्यातून अजून गेलेलं न्हाई. म्हणलास, "दत्त्या, खरं बघितलं तर कंधार बी निजामाचं, लातूर बी निजामाचं. अन् निजाम त्या टायमाला इंग्रजांकडून. मंग तुझे खापरपणजे कुठं असतील?"

मी नाणं परत उडवायला घेतलं.

"कडबा पुरवत असतील छावणीला. इंग्रजांच्या घोड्यांना."

"अन् तुझे?"

"आमचे बाजारात. गूळ, मीठ, तंबाखू मांडून. सकाळी ह्या छावणीत, दुपारून त्या."

"लई हलकट लोक रे तुमचे."

"पोटाचे लोक रे आमचे," तू म्हणलास, अन् हसला न्हाईस.

त्याच्यानंतर तू सैनिक करायचं सोडून दिलंस अन् बाजार करायला घेतलास. बाजारबुणगे! फौजेच्या मागं मागं चालणारं अख्खं गाव. मी म्हणलो, अरे घोडदळ कमी पडून राहिलंय अन् तू न्हावी करतोस? पण तू ऐकणार थोडाच. न्हावी झाला, लोहार झाला, कडेवर लेकरू घेतलेली बाई झाली. एक भजी तळणारा झाला. त्याच्यावरून आपण दोन रविवार भांडलो, त्या काळी भजी होती का नव्हती. अन् मधोमध एक दुकानदार, पांढरी टोपी, हातात तराजू, टिचबटणांची पारडी. मिशा हुबेहूब अप्पांच्या. अप्पांना तू कधी सांगितलं न्हाईस. मी बी न्हाई.

अन् मंग तू नियम बदललास. बाजार जुई ओलांडून पार गेला, की मराठे जिंकले. तोफा गेल्या तरी चालतील. मी म्हणलो, असली कुठं लढाई असती का? तू म्हणलास, "न्हाई. म्हणूनच खेळून बघू."

आपण असईला गेलो होतो ते तर सांगायलाच पाहिजे. तुझ्या गाडीवर, पाठ मोडून गेली. तिथं मक्याचं रान, कपाशीचं रान, अन् बांधावर एक बाबा बसलेले. मी लई उत्साहात विचारलं, "बाबा, लढाई कुठं झाली हो इथं?" बाबांनी आपल्याकडं बघितलं अन् म्हणले, "कोणती? बांधावरची का पाण्यावरची?" तू गाडीवरून पडायचा राहिलास हसून हसून. पण परत येताना जुईच्या काठाला उतरलास अन् लई वेळ नुसता उभा राहिलास. मी म्हणलो चल, उशीर होऊन राहिला. तू म्हणलास, "पळताना बाया-पोरं इथूनच गेली असतील ना रे? का मागं राहिली?" मला काय म्हाईत. मी म्हणलो, चहा घे.

आता बैल. कारण आजची सगळी गोष्टच बैलांची हाय.

तोफा ओढायला बैल लागतेत. तारेचे बैल तुला जमेनात, कुत्री दिसायची. मंग पोळा आला. तुमचं दुकानदाराचं घर, दावणीला बैल न्हाई, म्हणून तुमच्याकडं बाजारातून मातीची जोडी आणायची, तिची पूजा करायची, अन् नंतर पाण्यात सोडायची. तू अव्वाला म्हणलास, सोडू नको, मला दे. (पोरांनो, विरू आईला अव्वा म्हणायचा, त्यांचं मूळ उदगीरकडचं, कानडी वळणाचं; मी काकू म्हणतो.) मी तिथंच होतो, पुरणपोळी हातात. काकू म्हणल्या, "नेतोस तर ने. पण पुजलेत मी त्यांला. यांना मारायचं न्हाई."

"अव्वा, लढाई हाय ती. तोफा चालतेत."

"मंग तोफांना सांग."

संपलं. तिथंच नियम झाला. पुजलेल्या बैलांना मारायचं न्हाई. गोळा लागू दे, फाशावर सहा येऊ दे, काही बी होऊ दे, बैल टेबलावरून उठत न्हाई. मी हसत हसत मान्य केलं. मला काय म्हाईत तू दर पोळ्याची जोडी जमवत जाशील? बघता बघता खिल्लारच झालं. अन् केवढे ते बैल! सैनिक त्यांच्या गुडघ्याला. मी म्हणलो, हे प्रमाणात न्हाईत. तू म्हणलास, "देव मोठाच असतो. चित्रात बघत न्हाईस का?"

अजून एक नियम सांगायचा राहिला, तो बी बैलांचाच. बैलाला बांधलेली वस्तूच हलती. सुटी तोफ जागची हलत न्हाई. अन् बांधायचं म्हणजे खरंच दोऱ्यानं बांधायचं, नुसतं तोंडानं 'बांधली' म्हणायचं न्हाई. हा नियम माझा होता. तू गाठी मारत बसायचास तेवढाच मला विचार करायला टाइम मिळायचा.

आता शेवटचा रविवार. मी पहिल्यांदा जिंकून राहिलो होतो, विरू! खरं सांग, होतो ना? तुझी फळी फुटली, माझी रेड ऑक्साइडची अख्खी पलटण मधून घुसली, माझ्या तोफा थेट बाजारावर लागल्या. एक बार, अन् खेळ खलास. मी तर उभाच राहिलो होतो स्टुलावरून. अन् तू शांतपणे एकेक करून तुझे सगळे बैल तोफांपासून सोडवलेस. तोफा तशाच रानात टाकून दिल्यास. अन् बैल आणून बाजाराच्या पुढं आडवे लावलेस. शिंगाला शिंग. भिंत.

"हे काय?"

"बैल हायेत."

"ते दिसून राहिलं मला! तोफा सोडल्यास? सगळ्या?"

"हाव."

"अन् मी आता गोळा कुठून मारू?"

"बैलांवर मार की. मरत न्हाईत ते."

"ही चीटिंग हाय!"

"नियम हाय. मान्य तू केलास."

"तोफा वाहायला मान्य केला होता, भिंत बांधायला न्हाई! असलं कुणी लढतं का? हे बैल अव्वांनी तुला आडोशाला दिले का?"

तू कसल्या तरी पिवळ्या दोऱ्याशी खेळत बसला होतास, बैलांमागं बोटं घालून. मला वाटलं सजवून राहिलास, मला चिडवायला. मान वर न करता म्हणलास, "दत्त्या, एक सांग. जिंकल्यावर त्या भजीवाल्याचं तू काय करणार हाईस?"

"मला काय करायचंय त्याचं? मला जिंकायचंय!"

"तेच विचारून राहिलो."

बसचा टाइम झाला, मी बॅग उचलली, म्हणलो, "मान्य न्हाई. बिलकुल मान्य न्हाई." खाली रस्त्यावर आलो तर तू खिडकीतून निम्मा बाहेर. "डाव तुझा हाय! पुढच्या रविवारी ये!" रस्त्यानं जाणारे बघायला लागले.

आठवडाभर मी तुला मेसेजवर बैलांचे फोटो पाठवत राहिलो, खाली 'चीटर' लिहून. तू हसायचे तोंड पाठवायचास. मंग एका दिवशी ते बी बंद झालं. ताप. साधा ताप, म्हणले. मंग साधा न्हाई म्हणले. मंग तुला नांदेडलाच आणलं, माझ्या कॉलेजच्या गावात, मला बस बी धरावी लागली न्हाई. तोंडावर मास्क, हाताला सुया. तू मास्क बाजूला करून पहिलं काय विचारलंस? "कुणी हात लावला न्हाई ना टेबलाला?"

"न्हाई."

"डाव तुझा हाय."

"चीटर," मी म्हणलो. तुझे डोळे हसले. सिस्टर माझ्यावर ओरडली, मास्क काढू देऊ नका म्हणून. झालं, एवढंच आपलं शेवटचं बोलणं. माणसं शेवटी काय काय बोलतेत म्हणे. आपण हे बोललो.

आमच्याकडं सरण असतं, विरू. माझे आजोबा गेले तेव्हा मी ज्वाळा बघितल्या, राख बघितली. मला म्हाईत होतं तुम्हा लिंगायतांत पुरतेत, पण म्हाईत असणं वेगळं. मी रुद्रभूमीत आलो तर तू बसलेला होतास. मांडी घालून. कपाळाला विभूती, गळ्यात फुलं, मान जराशी एका बाजूला. अगदी तू माझ्या चालीची वाट बघत बसायचास तसा. मी चाल लवकर खेळत न्हाई म्हणून बोअर झाल्यासारखा. जंगम मंत्र म्हणून राहिले, बेलाची पानं टाकून राहिले, अन् माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, हा गोलंदाज हाय. ह्याला आडवं टाकलेलंच न्हाई. हा बसलाय म्हणजे अर्धा उठलाच. आम्ही सगळे त्याला ओलांडून पुढं गेलो, की हा मागून बार काढणार. मी रुद्रभूमीतून निघताना तीनदा मागं बघितलं. लोकांना वाटलं माझं डोकं फिरलं. फिरलंच होतं.

तुला राग येतो का अशानं? तुला आडवं पडलेलं मी कधी बघितलंच न्हाई, दवाखान्यात बी उशीला टेकून होतास. मला तर अजून चेहरा आठवला की बसलेलाच आठवतो. अन् कधी कधी मला तुझाच राग येतो. अर्धा खेळ टाकून जातं का कुणी? माझ्यावर चीटिंगचा शिक्का बसू नये म्हणून मी आजपर्यंत एक चाल परत घेतली न्हाई, अन् तू अख्खाच गेलास.

बरं, आज.

आज मी सकाळी आलो. अप्पा गल्ल्यावर. मला बघून नुसती मान हलवली अन् वरची किल्ली दिली. वर खोलीत टर्पेंटाइनचा वास तसाच. टेबलावर धूळ बसलीय, जुईच्या निळ्या रंगावर धूळ बसून ती आटल्यासारखी दिसून राहिली. मी खोकी उघडून ठेवली, रद्दी पेपर ठेवले गुंडाळायला, अन् बसलो. म्हणलं आधी माझ्या डावाचा निकाल लावू. फासा हातात घेतला. बारीक बघायला फोनची टॉर्च लावली अन् बैलांच्या मागं वाकलो.

दोरा, विरू.

तो पिवळा दोरा तू सजवायला लावलाच नव्हता. तू एकेकाला बांधलं होतंस. न्हाव्याच्या कंबरेला एक गाठ, दोऱ्याचं दुसरं टोक बैलाच्या वशिंडाला. लोहाराला एक. लेकरूवालीला एक, तिला दुहेरी गाठ. भजीवाल्याला कढईसकट. तराजूवाल्याला. एक सुटा न्हाई. अख्खा बाजार बैलांना जोडला होता. ती भिंत नव्हतीच. माझा डाव झाला की तुझ्या पुढच्या डावात तू सगळं एकदम ओढून जुईच्या पार नेणार होतास. माझ्याच नियमानं! अन् मी 'मान्य न्हाई' म्हणत बॅग उचलून गेलो. तू सांगितलं का न्हाईस रे? सांगितलं असतंस तर मी भांडलो नसतो. भांडलोच असतो, पण वेगळं भांडलो असतो.

आता मला फक्त एक शब्द बोलायचा होता. मान्य. पण तो बोललो की खेळ संपतो, अन् खेळ संपला की खोकी भरायची, अन् खोकी भरली की इथं दिवाळीचे डबे. म्हणून मी फासा नुसता मुठीत फिरवत बसलो. खालून अप्पांनी एकदा विचारलं, "झालं का रे?" मी म्हणलो, "न्हाई अप्पा, आजून डाव हाय."

तेवढ्यात जिन्यावर काकू. हातात मोठं ताट. ताटात वाटी, वाटीत तूप अन् हळद. तेव्हा मला आठवलं आज खांदमळण हाय. उद्या पोळा. पोरांनो, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतेत, वर्षभर जू वाहिलेले असतेत म्हणून.

काकू दारातच थांबल्या. पहिल्यांदाच वर आल्या होत्या त्या, तेव्हापासून. म्हणल्या, "बैल पाहिजेत रे दत्ता."

"नवी जोडी न्हाई आणली, काकू?"

"कोण जाणार बाजारात औंदा? तोच आणायचा." मंग म्हणल्या, "शेजारची म्हणली, औंदा सण कशाला करतीस. म्हणलं, आमच्यात सूतक न्हाई. अन् असतं तरी बैलाला काय सूतक?"

मी उठलो. म्हणलो, काकू, थांबा, दोरे बांधलेत, सोडून देतो. अन् मी तराजूवाल्याची गाठ सोडायला लागलो. माझी नखं तुला म्हाईतच हायेत, कुरतडलेली, गाठ सुटेना. काकूंनी माझा हात धरला.

"कुणी बांधलंय?"

"विरूनं."

"मंग राहू दे की. त्यानं बांधलेलं मी सोडू?"

अन् त्यांनी बैल उचलायला सुरुवात केली, विरू. एकेक बैल ताटात, अन् त्याच्यामागं लोंबकळत त्याचा माणूस. न्हावी गेला. लोहार गेला. भजीवाला कढईसकट गेला. लेकरूवाली. शेवटी तराजूवाला, तो दोऱ्यावर गोल गोल फिरत होता. काकूंनी त्याला हातावर घेतलं, मिशा बघितल्या, टोपी बघितली. खालून दुकानातून अप्पांचा आवाज येत होता, कुणाला तरी रंगाचा शेड समजवून सांगत होते. काकूंनी पदराच्या टोकानं त्याची धूळ पुसली. त्याला बैलाच्या पाठीवर नीट बसवलं.

मंग माझ्याकडं न बघता म्हणल्या, "बैलांचं तेवढं बोलून ठेवलं होतं मी. यांना मारायचं न्हाई म्हणून. पोराचं बोलायचं सुचलंच न्हाई बघ."

मी काय बोलू, विरू? तूच सांग काय बोलायला पाहिजे होतं. माझ्या तोंडातून काय निघालं म्हाईत हाय का? मी म्हणलो, "काकू, पण डाव माझा होता." खरंच म्हणलो. येडा हाय मी. काकू म्हणल्या, "असू दे रे. तू खेळ तुझा." अन् ताट सांभाळत, एकेक पायरी बघत, खाली गेल्या.

थोड्या वेळानं खालून देवघरातून आवाज आला. दरवर्षी म्हणतेत तेच, बैलांचा खांदा मळताना. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." एका बैलाला म्हणल्या. मंग दुसऱ्याला. मंग एकेकाला म्हणतच राहिल्या. बैल संपले असतील तरी म्हणत होत्या, बहुतेक त्या बाजाराला बी म्हणत होत्या.

बाजार गेला, विरू. जुई ओलांडून, जिना उतरून, सगळा. एक माणूस मागं राहिला न्हाई. मी टॉर्च लावून बघितलं. तू असईच्या काठाला उभा राहून जे विचारलं होतंस, त्याचं निदान ह्या टेबलावर तरी उत्तर झालं. तुझ्या नियमानं तू जिंकलास. मान्य. हे बघ, लिहिलं. मान्य हाय मला.

पण खोकी अजून रिकामीच हायेत. तुझ्या टाकून दिलेल्या तोफा रानात तशाच पडल्यात, त्यांच्याखाली तुझा तो पहिला गोलंदाज आडवा. माझी रेड ऑक्साइडची पलटण हुशारीत उभी, माझ्या सगळ्या तोफांची तोंडं एकाच जागी लागलेली. त्या जागी बैलांच्या खुरांचे ठसे उमटलेत धुळीत, बाकी नुसता भुसा. फासा माझ्या मुठीत हाय, घामानं ओला झालाय.

खालून अप्पा परत विचारून राहिलेत, "झालं का रे दत्ता?"

डाव माझा हाय, विरू. अन् समोर कुणीच न्हाई.